एकाच नावाचे दोन कोरोनॉइड: जबड्यातला आणि कोपरातला

हाडावर कुठे टोक, कंगोरा किंवा सुळका दिसला की आधी एक प्रश्न विचारावा: याला कुणी ओढतंय, की याच्यावर कुणी टेकतंय? शरीररचनेच्या पुस्तकात दोन्ही प्रकारांना सरसकट प्रवर्ध म्हणतात आणि विद्यार्थी नावांची यादी पाठ करून मोकळे होतात. मग परीक्षेत जबड्याचा कोरोनॉइड प्रवर्ध आणि अल्नाचा (कोपराखालच्या, करंगळीकडच्या हाडाचा) कोरोनॉइड प्रवर्ध यांची सरमिसळ होते. खरं तर हे दोन प्रवर्ध कामाच्या दृष्टीने एकमेकांच्या उलट आहेत. जबड्यातला कोरोनॉइड ओढला जातो, कोपरातला दाबला जातो. जबड्यातला मुळापासून कापून काढला तरी माणूस जेवतो, बोलतो. कोपरातला निम्म्याहून जास्त गेला तर सांधा जागेवर राहायला तयार नसतो. हा फरक पक्का बसला की बाकीचे तपशील फारसे पाठ करावे लागत नाहीत.

आधी जबडा. खालच्या जबड्याचा मागचा उभा भाग म्हणजे रेमस. त्याच्या वरच्या कडेला दोन शिंगं असतात. मागचं जाड आणि गोलसर, ते कॉन्डायल. कानापुढचा सांधा त्याचा. पुढचं पातळ, दोन्ही बाजूंनी चपटं, साधारण त्रिकोणी, तो कोरोनॉइड. दोघांच्या मध्ये अर्धचंद्रासारखी खाच असते आणि तिच्यावरून मॅसेटर या गालातल्या चावण्याच्या स्नायूची चेता व रक्तवाहिन्या बाहेर जातात. कोरोनॉइडची पुढची कड खाली रेमसच्या पुढच्या कडेत मिसळते. आतल्या बाजूने एक कंगोरा टोकापासून निघून शेवटच्या दाढेच्या मागे उतरतो. कानशिलावरचा पंख्यासारखा टेम्पोरॅलिस स्नायू गालाच्या कमानीखालून येतो आणि याच टोकाला, पुढच्या कडेला आणि आतल्या बाजूला घट्ट रोवला जातो. त्याचे काही धागे थेट अक्कलदाढेच्या मागच्या भागापर्यंत पोचतात. अक्कलदाढ काढल्यावर तोंड उघडताना जी ओढ जाणवते, तिचं एक कारण हेच.

हा प्रवर्ध स्नायूमुळेच टिकतो, असं म्हटलं तर अतिशयोक्ती नाही. 1947 मध्ये मानववंशशास्त्रज्ञ वॉशबर्न यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांचा एका बाजूचा टेम्पोरॅलिस काढून टाकला. ते उंदीर वाढल्यावर त्या बाजूला कोरोनॉइड जवळजवळ नव्हताच. ओढणारा नाही, तर हाडाला वाढायला कारण नाही.

म्हणून कवटी कुठल्याही सस्तन प्राण्याची असो, कोरोनॉइडकडे पाहून चावण्याची पद्धत बरीचशी सांगता येते. कुत्रा, मांजर, वाघ यांच्यात तो उंच आणि रुंद असतो, बाहेरच्या अंगाला मॅसेटरसाठी खोल खळगा असतो आणि कॉन्डायल दातांच्या रांगेच्या जवळपास पातळीत असतो. जबड्याचा सांधा हा टेकू धरला, तर उंच कोरोनॉइडमुळे टेम्पोरॅलिसची ओढ टेकूपासून लांबून लागते आणि सुळ्यांवरची पकड घट्ट होते. कॉन्डायल खाली असल्याने दात मागून पुढे क्रमाने मिटतात, म्हणजे कातरल्यासारखे. गवत चघळणाऱ्यांचं गणित वेगळं. त्यांच्यात कॉन्डायल दातांच्या रांगेच्या बराच वर असतो, त्यामुळे सगळ्या दाढा जवळजवळ एकदम टेकतात. जबडा आडवा फिरवण्याचं काम मॅसेटर आणि आतल्या टेरिगॉइड स्नायूंकडे जातं. गाय-मेंढीचा कोरोनॉइड लांब दिसतो खरा, पण तो बारीक आणि मागे झुकलेला पात्यासारखा असतो. उंची बघून फसू नये. रुंदी आणि जाडीही बघावी. कुरतडणाऱ्या प्राण्यांत मॅसेटर इतका वरचढ होतो की कोरोनॉइड लहानसा उरतो. मुंगीखाऊला चावायचंच नसतं, तिथे तो नावापुरता.

उंच कोरोनॉइडची किंमतही असते. जबडा जितका जास्त उघडायचा, तितका उंच टोकावर बसलेला टेम्पोरॅलिस जास्त ताणला जातो. सुळे तलवारीसारखे लांब असलेल्या, आता नामशेष झालेल्या स्मायलोडॉनला तोंड प्रचंड उघडावं लागे आणि त्याचा कोरोनॉइड आजच्या मोठ्या मांजरवर्गीयांपेक्षा स्पष्टपणे बुटका आहे. पकडीचा जोर आणि तोंडाचा आवाका, दोन्ही एकाच वेळी पुरेपूर मिळत नाहीत.

सस्तन प्राण्यांबाहेर हा हिशेब जरा बदलतो. सरड्यांत कोरोनॉइड हे जबड्यातलं स्वतंत्र हाड असतं, कारण त्यांचा खालचा जबडा अनेक हाडांचा बनलेला असतो. सस्तन प्राण्यांत एकच डेंटरी (दात धरणारं हाड) उरली आणि तिच्यावरच तो सुळका उभा राहिला. सायनोडाँट (सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांचा गट) जीवाश्मांत डेंटरी मागे मागे वाढत जाते, तिच्यावर उंच कोरोनॉइड येतो आणि मागची हाडं लहान होत जातात. मगरींमध्ये लक्ष वेधून घेतो तो वेगळाच सुळका, सांध्याच्या मागे लांब गेलेला रेट्रोआर्टिक्युलर प्रवर्ध. त्याला ओढलं की जबडा उघडतो. आणि एक पटकन ओळखीची खूण: जबड्याचा मागचा खालचा कोन आत वळलेला दिसला तर प्राणी बहुधा शिशुधानी (पिशवीवाल्या, कांगारूसारख्या) गटातला. कोआला हा त्यातला ठळक अपवाद.

बोटाने शोधणे आणि सुईचा मार्ग

स्वतःच्या गालाच्या कमानीखाली बोट ठेवा आणि तोंड मोठं उघडा. कोरोनॉइड खाली-पुढे सरकतो आणि बोटाखाली टणक काहीतरी येऊन भिडतं. तोंड मिटलं की तो कमानीच्या आत लपतो. जबड्याच्या सगळ्या अस्थिभंगांत कोरोनॉइडचा वाटा फार थोडा असतो, त्याचं कारण हेच: बाहेरून कमान, भोवती स्नायू.

खालच्या दाढांना भूल देताना ज्याला कोरोनॉइडची खाच म्हणतात ती प्रवर्धावर नसते. ती रेमसच्या पुढच्या कडेवरची सर्वांत खोल जागा. अंगठा तिथे टेकवायचा. सिरिंज विरुद्ध बाजूच्या प्रीमोलर (सुळ्यामागच्या छोट्या दाढा) दातांवरून आणायची, सुई दाढांच्या चावणाऱ्या पातळीच्या 6 ते 10 मिमी वर टोचायची. साधारण 20 ते 25 मिमी आत गेल्यावर हाड लागलं पाहिजे. मग सुई किंचित मागे घ्यायची, रक्त येत नाही ना हे ओढून बघायचं आणि सावकाश औषध सोडायचं, मिनिटभर तरी. लांब सुई निम्मीही आत गेली नाही आणि हाड लागलं, तर टोक फार पुढे आहे. सुई थोडी बाहेर घेऊन सिरिंज पुढच्या दातांकडे फिरवली की टोक मागे जातं. हाड लागतच नाही, तर टोक फार मागे गेलं आहे. तिथे औषध सोडू नये, कारण पॅरोटिड या कानापुढच्या लाळग्रंथीत गेलं तर चेहऱ्याची ती बाजू काही तास लुळी पडते. सिरिंज दाढांकडे फिरवून पुन्हा हाड शोधायचं. हाड लागल्याशिवाय औषध नाही, हा नियम या तंत्रात कधीच सैल करू नये.

वरच्या दाढांजवळ काम करताना हाच प्रवर्ध अडथळा होतो. रुग्णाला आपण सवयीने म्हणतो, मोठं तोंड उघडा. इथे ते चुकीचं. तोंड पूर्ण उघडलं की कोरोनॉइड पुढे येऊन वरच्या मागच्या दाढेच्या आणि गालाच्या मधली जागा बंद करतो. तोंड अर्धवट उघडून खालचा जबडा काम असलेल्या बाजूकडे सरकवायला सांगा, जागा मोकळी होते. एक्स-रेमध्येही तोच घोटाळा: वरच्या दाढांच्या फिल्मवर खालच्या कोपऱ्यात टोकदार पांढरी सावली येते आणि कुणीतरी ती राहिलेली मुळी समजतं. तोंड कमी उघडून पुन्हा फिल्म घेतली तर सावली सरकते. मुळी असती तर जागेवर राहिली असती.

वरची कवळी बनवताना मागच्या बाहेरच्या कडेची जाडी याच प्रवर्धावर ठरते. माप घेताना रुग्णाला तोंड मोठं उघडायला आणि जबडा दोन्ही बाजूंना सरकवायला लावलं नाही, तर कड जाड राहते. मग जांभई देताना कोरोनॉइड तिला धक्का देतो आणि कवळी सुटते किंवा त्या जागी फोड येतो. रुग्ण सांगतो की चावताना ठीक, जांभईला पडते. एवढं वाक्य ऐकलं की टाळूचा भाग घासत बसू नये, आधी त्या कडेकडे बघावं.

कोरोनॉइड लांब वाढला तर तोंड उघडणं हळूहळू कमी होत जातं आणि सहसा दुखत नाही. बहुतेक वेळा किशोरवयीन मुलांत, दोन्ही बाजूंना. दुखत नसल्यामुळे उशीर होतो आणि कानापुढच्या सांध्याचे उपचार विनाकारण चालू राहतात. तोंड जेवढं उघडतं तेवढं उघडं ठेवून सीटी काढला, तर टोक गालाच्या हाडाच्या आतल्या बाजूला टेकलेलं दिसतं. निदान तिथेच होतं. कधी टोकावर हाड-कूर्चेची गाठ वाढून गालाच्या कमानीशी चक्क नवा सांधा तयार होतो. त्याला याकोब यांचं नाव आहे.

शस्त्रक्रिया तोंडाच्या आतून होते. रेमसच्या पुढच्या कडेवर छेद, टेम्पोरॅलिसचे धागे सोडवणे, मग मधल्या खाचेपासून पुढच्या कडेपर्यंत तिरका काप. काप लिंग्युलाच्या (रेमसच्या आतल्या बाजूचा, चेता हाडात शिरते तिथला लहान उंचवटा) वरच राहिला पाहिजे, नाहीतर खालच्या दातांची चेता सापडते. आणि काप पूर्ण होण्याआधी टोक चिमट्यात पक्कं धरलेलं हवं. धरलं नाही तर उरलेले स्नायूधागे तुकडा वर खेचून नेतात आणि मग तो शोधणं जिकिरीचं होतं. हाड काढणं हा अर्धाच भाग. पुढचे कित्येक महिने तोंड उघडण्याचे व्यायाम केले नाहीत तर त्या जागी व्रणाची दोरी तयार होते आणि मिळवलेले मिलिमीटर परत जातात.

काढलेला तुकडा वायाही जात नाही. पातळ आणि किंचित वळलेला असल्याने डोळ्याच्या खोबणीचा तळ दुरुस्त करायला तो वापरतात.

कोपरात मात्र हात लावताना विचार

अल्नाच्या वरच्या टोकाला C आकाराची खोबण असते आणि ह्यूमरसची (दंडाच्या हाडाची) ट्रॉक्लिया, म्हणजे खालच्या टोकाचा रिळासारखा भाग, तिच्यात फिरते. खोबणीचा मागचा-वरचा ओठ म्हणजे ओलेक्रेनॉन, पुढचा-खालचा ओठ म्हणजे कोरोनॉइड. कोपर वाकवल्यावर कोरोनॉइडचं टोक ह्यूमरसच्या पुढच्या खळग्यात जातं, सरळ केल्यावर ओलेक्रेनॉन मागच्या खळग्यात. कोरोनॉइडच्या बाहेरच्या अंगाला रेडियसच्या (अंगठ्याकडच्या हाडाच्या) डोक्यासाठी खाच असते, आतल्या अंगाला एक लहान उंचवटा असतो, आणि आतल्या बाजूच्या मुख्य अस्थिबंधाचा पुढचा पट्टा तिथे बसतो.

त्याचं मुख्य काम अल्नाला मागे सरकू न देणं. उतारावर उभ्या गाडीच्या चाकाखाली ठेवलेला दगड जसा. कोपर वाकवणारा ब्रेकियालिस स्नायू जवळच बसतो, म्हणून बरेच जण धरून चालतात की टोकाचा तुकडा त्या स्नायूने उपटला. तसं नाही. टोक सांध्याच्या आत असतं, कॅप्सूल (सांध्याभोवतीचं आवरण) त्याच्या काही मिलिमीटर खाली चिकटते आणि ब्रेकियालिस आणखी खाली. टोकावर उपटायला कुणी बसलेलंच नाही. कोपर मागे निखळताना ट्रॉक्लिया त्या टोकावर आदळून ते कातरते. म्हणून एक्स-रेवर कोरोनॉइडचा अगदी चिमुकला तुकडा दिसला तरी त्याचा अर्थ असा घ्यायचा की हा सांधा निखळला होता किंवा निखळता निखळता राहिला. तुकड्याचा आकार लहान म्हणून दुखापत लहान, असं समजणं ही इथली सर्वांत महागडी चूक.

हाडांचे शल्यचिकित्सक रीगन आणि मॉरी यांनी 1989 मध्ये कोरोनॉइडच्या अस्थिभंगाचे तीन गट केले: फक्त टोक, उंचीच्या निम्म्यापर्यंत, आणि निम्म्याहून जास्त. वापरायला सोपं, पण उंचीच मोजतं. 2003 मध्ये ओड्रिस्कोल यांनी टोक, पुढचा-आतला भाग आणि पाया अशी विभागणी केली आणि ती जास्त उपयोगी ठरते, कारण पुढच्या-आतल्या भागाचा अस्थिभंग हे वेगळंच प्रकरण आहे. तो भाग बराचसा हाडाच्या दांड्याबाहेर लटकलेला असतो, खाली आधार कमी. हात आत वळून पडल्यावर तो मोडतो आणि त्याच वेळी बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध तुटतो. कोपर निखळलेलं दिसत नाही, रेडियसचं डोकं शाबूत असतं, एक्स-रे जवळजवळ ठीक वाटतो. सोडून दिलं तर सांधा तिरका घासत राहतो आणि लवकर झिजतो. शंका आली की सीटी काढावा.

सांधा निखळणं, रेडियसचं डोकं मोडणं आणि कोरोनॉइड मोडणं या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की हॉचकिस यांनी दिलेलं नाव वापरतात, भयंकर त्रिकूट. दुरुस्तीचा क्रम आतून बाहेर: आधी कोरोनॉइड, मग रेडियसचं डोकं बसवणं किंवा बदलणं, मग बाहेरचा अस्थिबंध. त्यानंतर टेबलावरच कोपर सरळ करून बघायचं. अजूनही सुटत असेल तर आतला अस्थिबंध किंवा बिजागरीची बाह्य चौकट. रेडियसचं डोकं नुसतं काढून टाकण्याचा मोह इथे टाळावा. ते गेलं की कोरोनॉइडचं थोडं नुकसानही सांधा सुटायला पुरतं. कोरोनॉइडचा टोकाचा तुकडा स्क्रूला पेलत नाही, म्हणून अल्नाच्या मागून दोन भोकं पाडून कॅप्सूलसकट दोऱ्याने ओढून बांधतात. मोठ्या तुकड्याला मागून पुढे स्क्रू, पुढच्या-आतल्या भागाला आधार देणारी पट्टी. तुकडे इतके बारीक झाले की काहीच बसत नाही, तर ओलेक्रेनॉनचंच टोक कापून त्या जागी लावता येतं.

सांधा बसवल्यानंतर बाजूने घेतलेल्या एक्स-रेमध्ये ह्यूमरस आणि अल्नामधलं अंतर 4 मिमी किंवा जास्त दिसलं तर सांधा लटकतो आहे, लक्ष ठेवा. व्यायाम लवकर सुरू करायचा, कारण कोपर पटकन आखडतं. सुरुवातीला रुग्णाला पाठीवर झोपवून हात वर धरून कोपर हलवायला लावणं चांगलं; त्या स्थितीत हाताचं वजनच सांधा दाबून धरतं. हात शरीरापासून बाजूला उचलून काम करणं मात्र काही आठवडे बंद, त्याने बाहेरच्या शिवलेल्या अस्थिबंधावर ताण येतो. रोजच्या बहुतेक कामांना 30 ते 130 अंशांचा आवाका पुरतो. शेवटच्या काही अंशांसाठी सांधा ढिला करून घेऊ नये.

ओलेक्रेनॉन दोन्ही कामं करतो. आतून ट्रॉक्लियाला अडवतो, मागून ट्रायसेप्सची (दंडामागचा, कोपर सरळ करणारा स्नायू) ओढ घेतो. मोडला की ट्रायसेप्स तुकडा वर खेचतो, मध्ये फट पडते आणि गुरुत्वाकर्षणाविरुद्ध कोपर सरळ करता येत नाही. तपासताना तीन हाडांची टोकं बोटाने धरावीत: ह्यूमरसच्या दोन बाजूंचे उंचवटे आणि ओलेक्रेनॉन. सरळ कोपरात ती एका रेषेत, 90 अंशात वाकवल्यावर त्रिकोणात. सांधा निखळला तर त्रिकोण बिघडतो. ह्यूमरस सांध्याच्या वर मोडला असेल तर सूज कितीही असो, त्रिकोण शाबूत राहतो. मुलांच्या बाबतीत एक सावधगिरी: ओलेक्रेनॉनचं वाढकेंद्र साधारण 9 ते 10 वर्षांच्या सुमारास दिसू लागतं, कधी दोन तुकड्यांत, आणि ती रेषा अस्थिभंग समजली जाते. दुसऱ्या कोपराचा एक्स-रे शेजारी ठेवावा.

खणणाऱ्या प्राण्यांत, उदाहरणार्थ मोल किंवा आर्माडिलो, ओलेक्रेनॉन अवाढव्य लांब असतो, कारण ट्रायसेप्सला लांब तरफ मिळते. फांद्यांना लटकणाऱ्या गिबनमध्ये तो आखूड, हात पूर्ण सरळ होतो. घोड्यात अल्नाचा दांडा रेडियसला चिकटून मध्येच संपतो, पण ओलेक्रेनॉन दणदणीत उभा असतो. हाडाचा बाकी भाग गेला तरी ओढ घेणारा भाग जात नाही.

कुत्र्यांचं कोपर

कुत्र्याच्या अल्नाला आत आणि बाहेर असे दोन कोरोनॉइड असतात, शिवाय खोबणीच्या वरच्या टोकाला अँकोनियल प्रवर्ध. कोपरातला जवळजवळ निम्मा भार अल्नावर येतो आणि त्यात आतला कोरोनॉइड पुढे असतो. वाढीच्या काळात रेडियस थोडा आखूड राहिला तर तो भार त्या एका टोकावर एकवटतो, त्याला भेगा जातात, कधी तुकडा सुटतो. उलट अल्ना आखूड राहिली तर ह्यूमरस अँकोनियल प्रवर्धावर रेटतो आणि तो हाडाशी जुळत नाही.

लॅब्रेडोर, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर, बर्नीज यांच्यात पहिला प्रकार जास्त. जर्मन शेफर्डमध्ये दुसरा. पिल्लू 5 ते 7 महिन्यांचं असताना पुढच्या पायाने लंगडू लागतं, उठल्यावर जास्त. कोपर पूर्ण वाकवून बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये अँकोनियल प्रवर्ध छान दिसतो, पण 20 आठवड्यांच्या आत तो न जुळलेला दिसणं म्हणजे आजार नव्हे. कोरोनॉइडचा तुकडा साध्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसतच नाही, आजूबाजूला वाढलेले हाडाचे काटेच दिसतात. आजाराची प्रत ठरवतानाही तेच मोजतात: 2 मिमीपेक्षा कमी असतील तर पहिली, 2 ते 5 मिमी दुसरी, 5 मिमीच्या वर तिसरी. तुकडा प्रत्यक्ष बघायचा तर सीटी किंवा सांध्यात घालायची दुर्बीण. दुर्बिणीतून तो काढता येतो आणि लंगडणं कमी होतं, पण झीज थांबत नाही. म्हणून वजन आटोक्यात ठेवणं शस्त्रक्रियेनंतरही आयुष्यभर लागतं, आणि अशा कुत्र्यापासून पिल्लं घेऊ नयेत.